‘सुरक्षित हवा’ या नावातला घोळ

मालवणच्या किंवा गोव्याच्या समुद्रात बुडी मारून आलेल्या पर्यटकांची हकीकत वृत्तपत्रांत छापून येते, तेव्हा ‘पाठीला ऑक्सिजनचे सिलिंडर बांधून’ हे शब्द तीत बहुधा असतातच. मुलांच्या निबंधांतही ते उतरतात आणि त्यांच्याखाली लाल रेघ क्वचितच पडते. वास्तविक त्या टाकीत आपण श्वासात घेतो तीच हवा असते. ती गाळून, कोरडी करून सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते, इतकाच फरक. त्या टाकीत खरोखरच शुद्ध ऑक्सिजन असता, तर सहा मीटरच्या खाली गेलेल्या माणसाला कोणत्याही क्षणी अपस्मारासारखे झटके येण्याचा धोका होता. जो वायू आपण जीवनदायी म्हणून शिकवतो तोच दाबाखाली विषारी ठरतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या ग्रंथात मांडले होते.

ही चूक आम्हांला आठवली ती एका वेगळ्याच, पण जवळच्या संदर्भात. गेली काही दशके पाणबुड्यांना हवेऐवजी ‘नायट्रॉक्स’, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा, पुरवण्याची प्रथा पसरली आहे. सर्वसाधारणपणे तिच्यात ३२ किंवा ३६ टक्के ऑक्सिजन असतो. तिच्याविषयी आधी जे बोलले गेले आणि आता जे बोलले जाते, त्या दोहोंबद्दल आमची तक्रार आहे.

प्रथम तिची गरज पाहू. पाण्यात दर दहा मीटरला दाब सुमारे एक बारने वाढतो. तीस मीटरवर तो चार बार असतो. हेन्रीच्या नियमानुसार दाब वाढला की रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन अधिक विरघळतो. शरीराला त्याचा उपयोग नसल्याने तो साठत राहतो, आणि पाणबुड्या वेगाने वर आला तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर होते तसे होऊन त्याचे बुडबुडे बनतात. यालाच ‘बेंड्स’ म्हणतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत त्याचे परिणाम होतात. हे टाळण्यासाठी कोणत्या खोलीवर किती मिनिटे थांबायचे याची कोष्टके असतात. त्यांचा पाया हॉल्डेन यांनी १९०८ साली घातला. हवेतला नायट्रोजन कमी करून त्या जागी ऑक्सिजन घातला तर साठा हळू वाढेल, हा नायट्रॉक्समागचा सरळ विचार.

अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र व वातावरणविषयक शासकीय संस्थेत मॉर्गन वेल्स यांनी ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची पद्धत बसवली आणि १९७९ साली ती संस्थेच्या पुस्तिकेत आली. त्याच संस्थेतून निवृत्त झालेले डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ पासून ती हौशी पाणबुड्यांना शिकवायला घेतली आणि गहजब झाला. याला ‘व्हूडू गॅस’, म्हणजे जादूटोण्याचा वायू, असे नाव पडले. नायट्रॉक्स घेतलेल्या माणसाला बेंड्स झाल्यास दाबकक्षात त्याच्यावर उपचारच करता येत नाहीत, असेही सांगितले जाई. याला कसलाही आधार नव्हता. १९९२ साली ह्यूस्टन येथे भरलेल्या व्यवसायाच्या प्रदर्शनात तर नायट्रॉक्स शिकवणाऱ्यांना जागाच द्यायची नाही असे ठरले. पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला. १९९६ साली ‘पॅडी’ या सर्वांत मोठ्या प्रशिक्षण संस्थेने हा अभ्यासक्रम सुरू केल्यावर विरोध मावळला. ज्यांनी कालपर्यंत भीती घातली त्यांच्या दुकानांत तो विकला जाऊ लागला. भौतिकशास्त्र मात्र मधल्या काळात तसूभरही बदलले नव्हते.

विरोधकांचे चुकले म्हणून पुरस्कर्त्यांचे सगळे बरोबर ठरत नाही. एका संस्थेने या मिश्रणाला ‘सेफएअर’, म्हणजे सुरक्षित हवा, असे व्यापारी नाव दिले. आमचा मुख्य आक्षेप या नावाला आणि त्यामागच्या वृत्तीला आहे.

डाल्टनचा आंशिक दाबांचा नियम अकरावीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो. श्वासातल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारच्या पुढे जाऊ देऊ नये आणि १.६ ही शेवटची सीमा मानावी, असा हौशी पाणबुड्यांसाठीचा सर्वमान्य संकेत आहे. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून १.४ ला २१ शतांशाने भागावे; उत्तर येते ६.६७ बार, म्हणजे सुमारे ५७ मीटर खोली. हौशी पाणबुड्याची मर्यादाच ४० मीटर असल्याने हवा घेणाऱ्याला ऑक्सिजनची चिंता करावी लागत नाही. हेच गणित ३२ टक्क्यांचे केले तर सुमारे ३४ मीटर आणि ३६ टक्क्यांचे केले तर जेमतेम २९ मीटर येते. म्हणजे तथाकथित सुरक्षित हवा घेणाऱ्याच्या पायाखाली एक नवा तळ येतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ३६ टक्क्यांची टाकी घेऊन कोणी ३८ मीटरवर गेला तर आंशिक दाब १.७३ बार होतो. झटके येण्यापूर्वी सूचना मिळेलच असे नाही. जमिनीवर झटक्यातून माणूस बहुधा सावरतो. पाण्यात तोंडातली नळी सुटते आणि तो बुडतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी केलेल्या प्रयोगांत आढळले की ही सहनशक्ती माणसागणिकच नव्हे, तर एकाच माणसात दिवसागणिक बदलते. तेव्हा ‘मागच्या वेळी मला काही झाले नाही’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही.

दुसरा दावा वेळेचा. प्रचलित कोष्टकात हवेवर ३० मीटरला २० मिनिटे मिळतात. ३२ टक्के मिश्रणात नायट्रोजन ६८ टक्के. त्यामुळे ३० मीटरवर शरीराला तो साधारण २४.५ मीटरवरच्या हवेइतकाच जाणवतो आणि २९-३० मिनिटे मिळतात. निम्मा वेळ जास्त, हे ऐकायला छान वाटते. पण टाकीचे काय? बारा लिटरच्या टाकीत २०० बारने २४०० लिटर वायू मावतो. त्यातला ५० बार राखीव ठेवला तर १८०० लिटर उरतात. मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा नवखा माणूस चार बार दाबाखाली ८० लिटर संपवतो. बावीस मिनिटांत त्याची टाकी रिकामी! वाढीव दहा मिनिटांपैकी दोनच त्याच्या पदरात पडतात. संथ श्वास घेणाऱ्या मुरलेल्या पाणबुड्याला, आणि एका दिवसात तीन-चार वेळा उतरणाऱ्याला, आधीच्या बुडीतला नायट्रोजन अंगात उरलेला असताना, याचा खरा लाभ होतो. तो नाकारण्याचे कारण नाही. शिवाय नायट्रॉक्स घेऊन वेळ मात्र हवेच्या कोष्टकाने पाळला तर बेंड्सचा धोका कमी होतो. पण जाहिरातीत ‘जास्त वेळ’ आणि ‘जास्त सुरक्षितता’ हे दोन्ही एकदम सांगितले जाते. शंभराची एकच नोट दोन दुकानांत कशी मोडायची?

थकवा कमी होतो, हेही असेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या दाबकक्षात १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली काहींना हवा व काहींना ३६ टक्के मिश्रण देऊन तपासले, तेव्हा थकव्यात फरक आढळला नाही. ज्यांना ताजेतवाने वाटते ते खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. आपण कोणता वायू घेतला हे त्यांना आधीच ठाऊक असते, एवढेच.

आता किमतीकडे वळू. ऑक्सिजन महाग म्हणून नायट्रॉक्स महाग, अशी समजूत आहे. हिशेब करून पाहावा. बारा लिटरच्या रिकाम्या टाकीत आधी सुमारे २८ बार ऑक्सिजन भरून वर २०० बारपर्यंत हवा भरली की ३२ टक्के मिश्रण तयार होते. त्याला लागतो सुमारे ३३५ लिटर ऑक्सिजन. रुग्णालयात दिसणाऱ्या सात घनमीटरच्या मोठ्या सिलिंडरमधून, तळाचा कमी दाबाचा वायू सोडून दिला तरी, पंधरा-सोळा टाक्या भरता याव्यात. म्हणजे खर्च वायूचा फारसा नाही, तो काळजीचा आहे. शुद्ध ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलाचा अंशही पेट घेऊ शकतो, म्हणून टाक्या व झडपा खास धुवाव्या लागतात, कॉम्प्रेसरच्या हवेतले तेल गाळावे लागते, माणूस शिकलेला लागतो. पोकळ तंतूंच्या पडद्यातून हवेतला काही नायट्रोजन वेगळा करणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांत शुद्ध ऑक्सिजन हाताळावा लागत नाही, पण भांडवल मोठे लागते. रोज पन्नास टाक्या भरणाऱ्या गावी ते परवडते आणि तिथे नायट्रॉक्स हवेच्या भावातही मिळू शकते. आडबाजूच्या बेटावर ऑक्सिजन बोटीने आणावा लागतो. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे कारखान्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवावा लागला होता, हे विसरण्याजोगे नाही. तेव्हा कुठे फार स्वस्त नायट्रॉक्स दिसले तर त्यातली कोणती काळजी गाळली आहे, हे विचारायला हरकत नसावी.

विचारण्यापेक्षा मोजणे बरे. टाकीतला ऑक्सिजन मोजणारे उपकरण तळहातावर मावते. बाहेरच्या हवेत ते २०.९ वर जुळवायचे, मग टाकीच्या तोंडाशी धरायचे, आकडा व त्यावरून निघणारी खोली चिठ्ठीवर लिहून सही करायची. टाकी भरणाऱ्याने नव्हे, ती वापरणाऱ्याने. कामाला दोन मिनिटे लागतात. कंटाळा येतो तो नेमका याच दोन मिनिटांचा.

मालवणच्या पहिल्यांदाच उतरणाऱ्या पर्यटकाला यातले काही लागत नाही. अशा नवशिक्याला बारा मीटरच्या खाली नेऊ नये असा दंडक आहे. तिथे हवेवर कोष्टकाने १४७ मिनिटे मिळतात आणि टाकी संपते चाळीस-एक्केचाळीस मिनिटांत. तिथे जादा पैसे घेऊन कोणी नायट्रॉक्स देऊ केले तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. आणि निबंधातल्या ‘ऑक्सिजनच्या सिलिंडर’खाली रेघ मारून समासात ‘हवा’ असे लिहावे.