काळ्या बियरचे रसग्रहण

कवितेचे रसग्रहण आम्ही वर्गात पुष्कळ शिकविले. आज यिंगलिंग पोर्टर या काळ्या बियरचे करीत आहोत.

पेनसिल्व्हेनियातील पॉट्सव्हिल येथे १८२९ साली निघालेला हा कारखाना अमेरिकेतील सर्वांत जुना. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत नावापुरता मद्यार्क असलेली बियर व आइस्क्रीम विकून या घराण्याने तग धरला. मुंबईची परमिटे आठवणाऱ्या वाचकांना यातील मर्म सांगावयास नको.

रंग पाहूनच आपली मंडळी "फार कडक" म्हणून ग्लास दूर सारतात. हा गैरसमज होय. रंग येतो तो मोड आणून खरपूस भाजलेल्या सातूमुळे. मद्यार्क सुमारे ४.७ टक्के, म्हणजे साध्या पिवळ्या बियरहून अधिक नाही.

फ्रिजमधून काढून थोडा वेळ ठेवावी, मगच चाखावी. आधी भाजक्या दाण्यांचा वास, मग कॉफी, काकवीची पुसट गोडी व शेवटी बेताचा कडवटपणा. दोष एवढाच की अंगाने पातळ, चव जिभेवर टिकत नाही. गिनीजचा सायीसारखा फेसही हिला नाही. पण जेवताना हाच गुण ठरतो. नारळाच्या रसातील माशांच्या कालवणावर ती कुरघोडी करीत नाही.

किद्दूशला मात्र आपले मनुकांचे सरबतच. पेसाहला ही घरात नको. सातू आंबवून केलेली, म्हणजे हामेसच. एरवी नातवंडांनी कौतुकाने पुढे केली, आणि डॉक्टरांची मनाई नसली, तर वडीलधाऱ्यांनी अर्धा ग्लास घ्यावा. तेवढाच वेळ मुले आपल्यापाशी बसतात.