'स्मृतिचित्रे'तील कृपा आणि सोवळे

मराठी आत्मचरित्रवाङ्मयात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे स्थान निर्विवाद आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा विनोद, त्यातील बोलीचा गोडवा आणि टिळक दांपत्याच्या सहजीवनाचे चित्रण यांवर विपुल लेखन झाले आहे. तथापि हा ग्रंथ एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिला आहे, ही गोष्ट समीक्षेत बहुधा चरित्रात्मक तपशील म्हणून येते आणि तेथेच संपते. ग्रंथात धर्मचिंतन फारसे नाही, मग त्याची चर्चा कशाला, असाही एक समज त्यामागे दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

'कृपा' हा शब्द मराठी वाचकाला संतवाङ्मयातून परिचित आहे. ख्रिस्ती विचारात त्याला पौलाच्या पत्रांनी एक विशिष्ट धार दिली: नियमशास्त्र पाळून माणूस नीतिमान ठरत नाही, ते त्याला फुकट मिळते. हा सिद्धान्त पोथीतल्या वादातून पुढे आला असे मानले जाते. परंतु गलतीकरांस पाठविलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा संबंध थेट पंक्तीशी आहे. अंत्युखियात पेत्र प्रथम परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, पुढे लोकभयाने त्या पंक्तीतून उठला आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष विरोध केला. कोणी कोणाबरोबर जेवावे, हा कृपेचा पहिल्या शतकातला प्रश्न होता. राहुरीतल्या एका ब्राह्मण स्त्रीपुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न उभा राहिला, आणि तोही पाण्याच्या घागरीच्या रूपाने.

'स्मृतिचित्रे'चा आरंभ या दृष्टीने पुन्हा वाचावा. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी, त्या धक्क्यातून वडिलांच्या मनात शिरलेले सोवळ्याचे वेड आणि त्या वेडापायी घरातील बायकांची झालेली ससेहोलपट हा भाग लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. वाचकही हसतो. परंतु हे हास्य वरवरचे नाही. कितीही धुतले तरी शुद्धीची खात्री न पटणारे हे घर आहे. शुद्धी येथे मिळवावी लागते, राखावी लागते आणि स्पर्शासरशी गमवावी लागते. पौलाच्या परिभाषेत बोलायचे तर हे नियमशास्त्राचे घर आहे. लक्ष्मीबाईंनी ही परिभाषा वापरली नाही, हे त्यांचे वाङ्मयीन शहाणपण.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांची ताटातूट, मग पुनर्मीलन. तरीही लक्ष्मीबाईंचे सोवळे स्वतंत्रच होते. ते सुटले ते पतीच्या उपदेशाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी एकटीने विचार केला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही, असे स्वतःशी ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'त वाचन, शंका, वाद आणि शेवटी बाप्तिस्मा अशी चढण आहे. तेथे बदलते ते प्रथम मत. येथे प्रथम बदलतो तो स्वयंपाकघराचा उंबरठा.

यानंतरच्या प्रकरणांतून धर्माचे दर्शन घडते ते दुष्काळातील मुलांना पोटाशी धरण्यात, अनाथांना घरचे करण्यात, आल्यागेल्याच्या ताटात. मात्र लेखिका याला कुठेही साक्षीचे रूप देत नाही. टिळकांचा तापट स्वभाव ख्रिस्ती झाल्यावर निवळला नाही, पैशाचा हिशेब त्यांना जमला नाही आणि लक्ष्मीबाईंची जीभही तिखटच राहिली. रूढ साक्षकथेत 'पूर्वी अंधार, आता प्रकाश' अशी विभागणी असते. 'स्मृतिचित्रे'त दोन्हीकडची माणसे तीच आहेत, फक्त दार उघडे आहे. कृपेने स्वभाव बदलला असा दावा न करता तिने व्यवहार कसा बदलला हे दाखविणे अधिक अवघड आहे, आणि माझ्या मते अधिक विश्वसनीयही.

हे धर्मशास्त्राच्या अज्ञानातून घडले असे म्हणता येणार नाही. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य याच बाईंनी पुढे नेले आणि त्याचा बहुतांश भाग त्यांचा आहे. सिद्धान्त त्यांना ठाऊक होता. आत्मचरित्रात त्यांनी तो बाजूस ठेवला. पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेऊनही खऱ्या ख्रिस्तानुभवास आपण कित्येक वर्षांनी पोहोचलो, असे त्या १९०७ च्या आपल्या निवेदनात स्पष्टपणे नोंदवितात. रमाबाईंना त्या अनुभवाला नाव देणे आवश्यक वाटले. लक्ष्मीबाईंना वाटले नाही. दोहोंपैकी एकीची श्रद्धा उणी ठरविण्याचे कारण नाही.

या वाचनाची एक मर्यादा मात्र ग्रंथातच आहे. सोवळे सोडण्याची कथा सांगू शकतो तो ज्याच्यापाशी सोवळे होते. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील मिशनच्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजातून आलेले ख्रिस्ती बहुसंख्य होते. त्यांच्या दृष्टीने तीच पंगत कशी होती? घागर ओलांडणाऱ्या बाईंचे धैर्य आपण वाचतो. ज्यांच्या हातचे पाणी त्यांनी घेतले, त्यांना त्या घोटाविषयी काय वाटले, ते त्यांच्या शब्दांत 'स्मृतिचित्रे'त येत नाही. ब्राह्मण धर्मांतरिताचा त्याग वाङ्मयात ठळक होतो आणि बहुसंख्यांचा बदल जनगणनेच्या रकान्यात जातो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात आपण टिळक, रमाबाई व पदमनजी एवढ्यावरच थांबतो, तेव्हा ही विषमता आपणही पुढे चालवीत असतो. मिशनच्या दप्तरांतील मंडळ्यांच्या नोंदी, गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांतील भजने व तोंडी आठवणी यांकडे मराठी विभागांनी वळण्याची गरज आहे. विशेषतः त्या आठवणी सांगणारी पिढी हयात आहे तोवर.