धर्मसिंधूंतील श्राद्धप्रकरण : मूलवचनें गाळल्याचा परिणाम

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं शके १७१२ (इ. स. १७९०-९१) मध्यें धर्मसिंधु पुरा केला. तेव्हांपासून महाराष्ट्रांत पितृपक्षांत उद्भवणाऱ्या शंकेचें उत्तर बहुधा ह्याच ग्रंथांत पाहतात. इतिहासाचे अभ्यासकहि पेशवाईच्या उत्तरकाळांतील आचाराचा पुरावा म्हणून त्याचा आधार घेतात, व तें योग्यच आहे. परंतु त्यांतील निर्णय म्हणजेच प्राचीन धर्मशास्त्राचें मत, असें धरून चालण्याचा प्रघात पडत चालला आहे. त्याविषयीं दोन शब्द लिहिणें आवश्यक वाटतें.

ग्रंथकारानें आपली पद्धति आरंभींच मोकळेपणानें सांगितली आहे. कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूचा (इ. स. १६१२) क्रम घ्यावयाचा, सिद्ध झालेला निर्णय सांगावयाचा आणि मूलवचनें बहुतेक गाळावयाचीं. मीमांसा न शिकलेल्या मनुष्यासाठीं हा उद्योग असल्यामुळें पद्धतीस दोष देतां येत नाहीं. महालयाची तिथि कोणती, शस्त्रहतांचें श्राद्ध चतुर्दशीसच कां, संन्याशाचें द्वादशीस कां, ह्या बाबतींत निर्णयसिंधूच्या वादारण्यांत शिरलेला सामान्य भिक्षुक पंधरवडा संपला तरी बाहेर पडला नसता. एवढें श्रेय काशीनाथांस दिलेंच पाहिजे.

आतां तोट्याची बाजू. ‘कुतप’ हा एकच शब्द घेऊं. श्राद्धांत दौहित्र, कुतप आणि तीळ हीं तीन पावन होत, असें मनु तिसऱ्या अध्यायांत सांगतो. पंचांगें चाळणाऱ्यास कुतप म्हणजे दिवसाचा आठवा मुहूर्त एवढेंच ठाऊक असतें. सूर्योदय सहा वाजतां धरल्यास अकरा वाजून छत्तीस मिनिटांपासून बारा वाजून चोवीस मिनिटांपर्यंतचा काळ. निबंधग्रंथांत मात्र ह्या एका शब्दाचे आठ अर्थ दिले आहेत : मध्याह्न, गेंड्याच्या शिंगाचें पात्र, नेपाळी कांबळें, रुपें, दर्भ, तीळ, गाय व दौहित्र. ‘कु’ म्हणजे पाप, त्यास ताप देतें तें कुतप, अशी व्युत्पत्तिहि जोडली आहे. ही व्युत्पत्ति मागाहून बसविलेली आहे, हें व्याकरणाचा पहिला पाठ शिकलेला मुलगाहि ओळखील.

मग मनूचा अर्थ कोणता? उत्तर त्याच श्लोकाच्या अगोदरच्या श्लोकांत आहे. दौहित्र व्रतस्थ असला तरी त्यास यत्नानें जेवूं घालावें, आणि आसनावर कुतप द्यावा, असें तेथें म्हटलें आहे. आसनावर मुहूर्त घालतां येत नाहीं! तेथें कांबळेंच पाहिजे, आणि टीकाकारहि नेपाळी कांबळें असाच अर्थ करितात. त्याच श्लोकावरून दौहित्र म्हणजे मुलीचा मुलगा, हेंहि निर्विवाद ठरतें. कारण पात्रास कोणी व्रतस्थ म्हणत नाहीं व जेवूं घालीत नाहीं. तरीहि दौहित्राचा अर्थ गेंड्याच्या शिंगाचें पात्र करणारे झालेच. अर्थाचा हा फेर क्षुल्लक नव्हे. एका अर्थानें मुलीचा मुलगा आजोबांच्या श्राद्धास पानावर बसतो, दुसऱ्यानें त्याच्या जागीं एक भांडें येतें. दोन श्लोक शेजारीं छापलेले असते, तर हा घोटाळा शाळेंतल्या मुलानें सोडविला असता. वचन गेलें कीं शेजारचें वचनहि जातें, आणि उरतो तो कोणाचा तरी निर्णय.

दुसरें उदाहरण ह्याहून महत्त्वाचें आहे. जीव कर्मानुसार दुसरा जन्म घेतो, तर येथें दिलेलें अन्न त्यास पोंचतें कसें? म. म. पां. वा. काणे ह्यांनीं आपल्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या चौथ्या खंडांत (१९५३) पुनर्जन्म व पिंडदान ह्यांचा मेळ घालणें अवघड असल्याचें स्पष्ट लिहिलें आहे. मत्स्यपुराणाचें उत्तर असें कीं, पिता देव झाला असल्यास तें अन्न अमृत होऊन जातें, पशु झाला असल्यास तृण होऊन. ह्या उत्तरानें श्रद्धावंताचें समाधान होईल, शंकेकऱ्याचें होणार नाहीं. विज्ञानेश्वराचें उत्तर आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. वसु, रुद्र व आदित्य ह्या देवता श्राद्धानें तृप्त होऊन मनुष्यांच्या पितरांस तृप्त करितात, असें याज्ञवल्क्य म्हणतो. त्यावर मिताक्षरेंत दृष्टांत आहे तो गर्भिणीचा. डोहाळ्यांचें अन्न देतो दुसराच, खाते आई, आणि तिच्या तृप्तीनें पोटांतील मूल तृप्त होतें. ह्यानें काण्यांचा आक्षेप निरुत्तर होत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेला, दायभागाच्या वादांत केस चिरणारा हा पंडित ह्या प्रश्नापाशीं तर्क थांबवून डोहाळजेवणाकडे बोट दाखवितो. ह्या विधीकडे तो कोणत्या भावनेनें पाहत होता, हें त्यावरून कळतें. निव्वळ निर्णय वाचणाऱ्यास कर्तव्य कळतें, ही भावना कळत नाहीं. आणि मग पितर रागावतील एवढी भीतिच शिल्लक राहते.

ह्या भीतीस खरा उतारा आहे तो विष्णुपुराणांतील पितृगीतेंत. तेथें पितर स्वतःच सवलती देत खालीं उतरतात. धन असेल त्यानें दान द्यावें, नसेल त्यानें यथाशक्ति अन्न, तेंहि नसेल त्यानें चिमूटभर तीळ, नाहीं तर गाईस गवत. आणि कांहींच नसेल त्यानें रानांत जाऊन दोन्ही बाहु वर करावे व मजपाशीं कांहीं नाहीं, भक्तीनेंच तृप्त व्हा, असें मोठ्यानें सांगावें. निबंधकारांनीं हीं वचनें उचललीं आहेत. त्यांचा सारांश ‘अशक्तास अनुकल्प’ एवढ्यावर आणला, तर त्यांतला रानांत उभा असलेला दरिद्री मनुष्यच नाहींसा होतो.

पोथ्या जमविणाऱ्यांस ह्या निमित्तानें एक विनंति आहे. आमच्या घरच्या धर्मसिंधूच्या पोथींत श्राद्धप्रकरणाच्या समासांत निराळ्या हातानें, बारीक अक्षरांत, मनु-याज्ञवल्क्यांचीं वचनें लिहिलेलीं आहेत. इतर प्रकरणांचे समास कोरे आहेत. ग्रंथकारानें गाळलेलें कोणा वाचकानें परत आणून बसविलें. धर्मसिंधु छापील मिळतो म्हणून अशा पोथ्या रद्दींत जातात. त्या घालविण्यापूर्वीं निदान समास पहावे, कोणत्या प्रकरणाशीं कोणतें वचन लिहिलें आहे तें उतरून घ्यावें, आणि लिहिणाऱ्याचें नांव-गांव व शक कोठें सांपडल्यास तो टिपावा.