रुळांवाचूनचा मार्ग : आयफेलमधील एका सायकलवाटेचे वाचन

समीक्षा ग्रंथाची होते, नाटकाची होते, क्वचित एखाद्या चित्राची वा चर्चच्या वास्तूचीही होते. रस्त्याची समीक्षा करण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. तरीही या अंकासाठी लिहावयास बसलो असता मी एक रस्ता निवडला आहे आणि त्याच्या जोडीला एक कादंबरी. रस्ता जर्मनीतला, कादंबरीही तेथलीच, आणि दोहोंचा विषय एकच प्रदेश : आयफेल. मात्र रस्ता त्या प्रदेशाविषयी जे सांगतो आणि कादंबरी जे सांगते, त्यांत इतके अंतर आहे की दोघांपैकी कोणीतरी आपल्यापासून काही लपवीत आहे, असा संशय वाचकाला यावा.

ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेस आणि मोझेल नदीच्या उत्तरेस पसरलेला आयफेल हा जुन्या ज्वालामुखींचा डोंगराळ मुलूख. भूगर्भातील तप्त रस वर येताना पाण्याला भिडला, स्फोट झाले, जमिनीत वाटोळे खड्डे पडले आणि कालांतराने त्यांत पाणी साचले. या गोल, खोल, निळ्याकाळ्या तळ्यांना तेथे ‘मार’ म्हणतात. डाउन या गावाच्या परिसरातील अशा तळ्यांपासून मोझेलकाठच्या बर्नकास्टेल-कूस या गावापर्यंत जाणारी सायकलवाट म्हणजे ‘मारे-मोझेल-राडवेग’. लांबी पंचावन्न-साठ किलोमीटरच्या घरात. डाउन समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवर, तर मोझेलचे पात्र सुमारे 110 मीटरवर. म्हणजे एकंदर प्रवास उताराचा. उन्हाळ्यात सायकली वाहून नेणारी बस नदीकाठच्या माणसाला वर नेऊन सोडते आणि तो रमतगमत खाली येतो.

या वाटेचा बराचसा भाग पूर्वी लोहमार्ग होता. डाउन ते विटलिख हा मार्ग 1909-10 च्या सुमारास सुरू झाला आणि 1980 च्या दशकात त्यावरील गाड्या कायमच्या थांबल्या. रूळ उखडले गेले, भराव, पूल आणि बोगदे मागे राहिले, आणि त्यांवर डांबर घालून सायकलींसाठी हा मार्ग सिद्ध झाला. त्यावर मोटार येत नाही. मोटारींचे रस्ते त्याच्या वरून वा खालून निघून जातात.

उन्हाळ्यात जर्मन धर्मगुरू रजेवर जातात, तेव्हा त्यांच्या धर्मग्रामांत मिस्सा अर्पण करण्यासाठी आपल्याकडचे काही धर्मगुरू जातात. त्या निमित्ताने मी ट्रियर धर्मप्रांतात असताना एका सोमवारी मागून आणलेल्या सायकलीवर ही वाट उतरलो. पुढे जे लिहितो ते त्या एका दिवसाच्या आणि त्यानंतरच्या वाचनाच्या बळावर.

रचना म्हणून पाहिले तर ही वाट विलक्षण देखणी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही. त्यामुळे अभियंत्याने डोंगर फोडले, दऱ्या बांधून काढल्या आणि चढाला लांबवून लांबवून सौम्य केले. सायकलस्वाराला त्याचे फळ आयते मिळते. शाल्केनमेहरेनच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरहून लांब बोगदा आहे. त्याचे नाव ‘ग्रोसेस श्लित्सओर’, म्हणजे चक्क ‘मोठा लबाड’! भर उन्हातून त्या गारव्यात शिरावे, पलीकडे प्रकाशाचा ठिपका मोठा होत जावा आणि बाहेर पडताच कुरणे समोर यावीत. पुढे खोदलेल्या खिंडीतून जाताना दोन्ही बाजूंना झाडी आणि कातळ, दृष्टीला काही नाही. मग एकाएकी उंच पूल आणि खाली अख्खे खोरे. झाकणे आणि उघडणे यांची ही लय एखाद्या कुशल निवेदकाची आहे. गिलेनफेल्ड मागे पडते, प्लाइनच्या पुलावरून विटलिखचे खोरे दिसते, आणि तेथून पुढे हवाच बदलते. राकट पठार संपून द्राक्षमळे सुरू होतात.

आणि शांतता! चाकांची सरसर, पाखरे, क्वचित दूरवर ट्रॅक्टर. समोरून येणारा माणूस हलकेच अभिवादन करतो आणि निघून जातो. आपल्याकडे सायकल ही पाववाल्याची, दूधवाल्याची, टोपल्या बांधलेली, घंटी वाजवीत माणसांतून वाट काढणारी. तेथे मात्र ती ओझ्यातून मुक्त झालेली दिसली. त्या दिवशी मला वाटले, हे तर चाकांवरचे मौन. सेमिनरीत रात्रीच्या प्रार्थनेनंतर पाळावयाच्या मौनाची आठवण झाली, आणि पुढच्या रविवारच्या प्रवचनात मी तसे बोलूनही गेलो.

मिस्सानंतर एक वृद्ध बाई भेटावयास आल्या. प्रवचन आवडल्याचे सांगितले आणि मग अगदी सौम्यपणे म्हणाल्या, “फादर, आम्ही त्या मार्गावर कधी शांत नव्हतो. आम्ही तेथे रडत होतो. माझे दोघे भाऊ त्याच गाडीने कामाला गेले, ते परत आले नाहीत.” लढाईत गेले का, असे मी विचारले. “नाही हो. कोलोनला स्थायिक झाले,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. त्याच बाईंनी क्लारा फीबिग हे नाव मला सांगितले.

क्लारा फीबिगचा जन्म 1860 मध्ये ट्रियर येथे झाला. घराणे प्रॉटेस्टंट, वडील प्रशियन सरकारी अधिकारी. कॅथॉलिक आयफेलकडे ती बाहेरून, पण अत्यंत जवळून पाहत होती. ‘किंडर डेर आयफेल’ म्हणजे ‘आयफेलची लेकरे’ हा कथासंग्रह 1897 मध्ये आला आणि ‘दास वायबरडोर्फ’ म्हणजे ‘बायकांचे गाव’ ही कादंबरी 1900 मध्ये. कादंबरीतील आयफेलश्मिट हे गाव साल्म नदीच्या खोऱ्यातील आयझेनश्मिट या खऱ्या गावावरून घेतलेले आहे. तेथील लोखंडाचा धंदा बुडाला, शेती पोट भरीना, आणि पुरुष दूरच्या कारखान्यांत कामाला गेले. ते वर्षातून दोनदाच घरी येतात : नाताळास आणि संत पेत्र व संत पौल यांच्या सणास. उरलेले सगळे वर्ष गाव बायकांचे. नांगर त्यांचा, सरपण त्यांचे, आजारपण आणि बाळंतपण त्यांचे. जो एक पुरुष मागे राहतो, तो पिटखेन, आळशी आणि हसतमुख. तो खोटी नाणी पाडू लागतो. ज्यांचे आप्त आखातात वा जहाजावर आहेत आणि ज्यांच्या घरी सुट्टीच्या तारखांवरून लग्ने ठरतात, अशा आपल्या वाचकांना या गावाची ओळख करून द्यावयास नको.

कादंबरीचे बळ तिच्या समूहचित्रणात आहे. फीबिगवर फ्रेंच कादंबरीकार झोलाचा प्रभाव होता आणि ती तो लपवीत नाही. पुरुषांच्या येण्याजाण्याच्या प्रसंगांत एकेक बाई वेगळी उभी राहण्याआधी सारे गावच एक पात्र होऊन धावू लागते, थकते, संतापते. संवादांत बोलीभाषा आहे. माझ्या सेमिनरीतल्या जर्मनला ती झेपेना, पण त्या बोलीवाचून ही माणसे निव्वळ नमुने ठरली असती. उपासमार आणि वासना यांविषयी ती ज्या निर्भयतेने लिहिते, त्यामुळे त्या काळी आयफेलात पुष्कळांना राग आला. तो राग मला समजतो. पहिल्या वाचनात मलाही आला.

माझा आक्षेप मात्र तिच्या निर्भयतेवर नाही. फीबिगला श्रद्धा दिसते ती रूढी म्हणून, भीती म्हणून, गर्दी म्हणून. 1908 च्या ‘दास क्रॉइत्स इम फेन’ या कादंबरीत एख्टरनाख येथील नृत्ययात्रेकडेही ती अशाच कडवट नजरेने पाहते. वर्षभर नवऱ्याची वाट पाहणारी स्त्री रोजरीचे मणी ओढते तेव्हा तिच्या अंतरात काय घडते, हे या लेखिकेच्या कक्षेबाहेर राहते. आयफेलमध्ये वाटेवाटेवर दगडी क्रूस उभे आहेत. अपघातात गेलेल्यांसाठी, नवसासाठी, साथीतून वाचल्याबद्दल ते कोणी ना कोणी उभारले. एवढ्या मोठ्या साक्षीला केवळ अज्ञान म्हणून निकालात काढणे ही लेखिकेची उणीवच होय. पण हेही लिहिले पाहिजे की ती या माणसांवरून नजर हटवीत नाही. तिचे पती ज्यू प्रकाशक होते. नाझी राजवटीत तिच्या लेखनाची कोंडी झाली. 1952 मध्ये बर्लिन येथे ती निवर्तली. दुबळ्यांविषयी तिला असलेली कळकळ खरी होती, याविषयी मला शंका नाही.

आता पुन्हा रस्त्याकडे. त्याच्या फलकांवर अंतर असते, चढउताराचा आलेख असतो, खानावळींची नावे असतात. ज्वालामुखींची माहिती तर उत्तम आहे, हजारो वर्षांची. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या टेकड्यांवरून जी माणसे खाली उतरली आणि परतली नाहीत, त्यांना त्या आलेखात जागा नाही. फीबिगच्या कथांत चढ बाईच्या पाठीवर असतो. या वाटेवर तो अभियंत्याने आधीच काढून टाकला आहे. डोंगर दिसतो पण पायांना लागत नाही. हल्लीच्या बॅटरीवरील सायकलींनी उरलासुरला चढही संपवला आहे.

मी ज्याला मौन म्हटले ते मौन नव्हते. मौन माणसे पाळतात; त्यासाठी माणसे लागतात. माणसे निघून गेल्यावर उरते ती नीरवता. दोन्ही कानाला सारखीच लागतात, आणि म्हणूनच प्रवचनात माझी फसगत झाली. कादंबरीतील आयझेनश्मिटजवळच हिमेरोड हा सिस्टर्शियन मठ आहे. संत बर्नार्ड यांनी 1134 मध्ये स्थापिलेला, उद्ध्वस्त होऊन विसाव्या शतकात पुन्हा वसलेला. तेथे मौन होते. 2017 मध्ये तेथील संन्यासी समुदाय विसर्जित करण्यात आला. आज तेथील अंगण सायकलस्वाराला पूर्वीइतकेच शांत वाटेल.

या वाटेला दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे होईल. लोहमार्ग बंद झाल्यावर त्याची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती, पूल पाडले गेले असते. तसे झाले नाही. खानावळी चालू आहेत, मुले निर्धास्त सायकल शिकतात, अपंगांनाही येथून जाता येते. माझी तक्रार एवढीच की हा ग्रंथ सुबक छापला आहे, पण त्यातील एक प्रकरण गाळले आहे.

ते प्रकरण वाचावयाचे असेल तर शाल्केनमेहरेनला वाट सोडावी आणि चढ चढावा. येथे पाय लागतात. वर वाइनफेल्डचे मार आहे, ज्याला लोक ‘टोटेनमार’, मृतांचे तळे, म्हणतात. फीबिगची एक कथा याच तळ्याच्या नावाने आहे. काठावर पांढरे छोटे चर्च आणि दफनभूमी. चर्चभोवती वाइनफेल्ड नावाचे गाव होते. सोळाव्या शतकात प्लेगच्या काळात ते ओस पडले. गाव गेले तरी चर्च राहिले, आणि शाल्केनमेहरेनचे लोक आपले मृत आजही येथे पुरतात. मी गेलो तेव्हा दोन बाया थडग्यांवरील फुलांना पाणी घालीत होत्या आणि मोठ्याने गप्पा मारीत होत्या. साऱ्या प्रवासात मला खऱ्या अर्थाने शांत वाटले ते तेथे, त्या बोलण्याच्या आवाजात.

वाटेचा शेवट कूस येथे होतो, आणि येथे रचनाकाराला कल्पना नसतानाही कृती उंची गाठते. 1401 मध्ये याच नदीकाठी एका नावाड्याच्या घरी निकोलस जन्मला. पुढे तो कार्डिनल आणि ‘दे दोक्ता इग्नोरान्तिया’ या 1440 च्या ग्रंथाचा कर्ता म्हणून तत्त्वज्ञानाच्या इतिहासात अमर झाला. आपले अज्ञान जाणणे हेच ज्ञान, हा त्याचा विचार सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. तो त्याला कॉन्स्टँटिनोपलहून परतताना भर समुद्रात सुचला, म्हणजे वाटेवरच. आयुष्य प्रवासात गेलेल्या या माणसाने जन्मगावी वृद्ध निर्धनांसाठी आश्रम उभारला. त्यात 33 जणांची सोय होती, प्रभू येशूच्या वयाच्या वर्षांइतकी. 1464 मध्ये तोदी येथे त्याला मरण आले. देह रोममध्ये आहे, हृदय मात्र कूसच्या आश्रमातील प्रार्थनालयात पुरले आहे. ग्रंथालयात त्याची हस्तलिखिते आहेत, आणि शेजारी आजही वृद्ध राहतात.

त्या दिवशी भिंतीला टेकवून ठेवलेल्या दहाबारा सायकली होत्या. स्वार समोरच्या बाकांवर पाणी पीत बसले होते. बसला अवकाश होता म्हणून मी आत गेलो. एक वृद्ध गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसले होते. कोठून आलात, असे त्यांनी विचारले. डाउनहून, सायकलीने, असे मी सांगितले. वर घरांत दिवे लागतात का अजून, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. मी वाटेकडे पाहत आलो होतो. घरांकडे पाहिले नव्हते. पुन्हा कधी जाणे झाले तर ही वाट कूसहून डाउनकडे, चढाच्या दिशेने, संध्याकाळी वाचावयाची असे ठरवले आहे.