माउंट ऑबर्नचे प्रवेशद्वार : रूप, द्रव्य आणि अर्थ

अमेरिकेतील बोस्टन नगरानजीक माउंट ऑबर्न ही दफनभूमी १८३१ मध्ये स्थापन झाली. पॅरिसच्या पेर-लाशेझचा (१८०४) आदर्श संस्थापकांसमोर होता. चर्चच्या आवारातील दाटीवाटीच्या थडग्यांऐवजी येथे वृक्षराजी, टेकड्या आणि वळणावळणाच्या वाटा आल्या, व अमेरिकेतील उद्यानरूप दफनभूमींच्या परंपरेस येथूनच आरंभ झाला. या भूमीचे महाद्वार दोनदा उभारले गेले : १८३२ मध्ये लाकडाचे आणि १८४२ मध्ये ग्रॅनाइटचे. आराखडा दोन्ही वेळा जेकब बिगेलो या वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञाचा, आणि शैली प्राचीन इजिप्तची. रूप कायम राहिल्यामुळे ही पुनर्रचना केवळ टिकाऊपणासाठी झाली असे वाटते. तथापि तिचा विचार अर्थाच्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

ख्रिस्ती समाजाच्या दफनभूमीस इजिप्शियन द्वार शोभत नाही, हा या शैलीवरील प्रमुख आक्षेप. १८३६ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मधील टीकाकाराने या शैलीचा संबंध थेट मूर्तिपूजक धर्माशी जोडला होता. या आक्षेपाच्या मुळाशी एक परिचित भ्रम आहे : व्युत्पत्ती म्हणजेच अर्थ, हा. तोच निकष लावावयाचा तर ‘सेमेटरी’ हा शब्दही टाकावा लागेल. त्याचे मूळ ग्रीक रूप ‘कोइमेतेरिओन’ म्हणजे शयनगृह. ख्रिस्ती समाजाने तो शब्द स्वीकारला आणि मृत्यू ही पुनरुत्थानापूर्वीची निद्रा, हा आपला भाव त्यात भरला. त्या शब्दाला कोणी परधर्मी म्हणत नाही. (मराठीत ‘दफनभूमी’ म्हटले की हा निद्रेचा भाव लोपतो आणि पुरण्याची क्रिया तेवढी उरते.) शब्दाला जी मोकळीक, ती शिल्पचिन्हाला का नसावी ?

अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने निश्चित होतो, याची कारणे सांगताना भर्तृहरीने साहचर्य आणि अन्य शब्दाचे सान्निध्य यांचा निर्देश केला आहे. द्वाराच्या माथ्यावर पंखयुक्त गोलाचे इजिप्शियन चिन्ह आहे, आणि त्यासोबत बायबलातील ‘उपदेशक’ या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातील वचन कोरलेले आहे. देह मातीला आणि आत्मा ईश्वराला परत जातो, असा त्याचा आशय. या सान्निध्यामुळे चिन्हाचा मूळ धार्मिक अर्थ मागे पडतो आणि चिरंतनत्व तेवढे उरते. शांपोलियोंने चित्रलिपीचा उलगडा केल्याला १८३२ मध्ये अवघी दहा वर्षे झाली होती. सामान्य प्रेक्षकाला इजिप्त ही वाचता येणारी भाषा नव्हती, अतिप्राचीनतेचा तो एक ध्वनी होता.

परंतु १८३२ च्या द्वारात एक उणीव होती. लाकडावर रंग देऊन व वाळू भुरभुरून पाषाणाचा आभास निर्माण केलेला होता. चिरंतनत्वाची ग्वाही नाशवंत द्रव्यातून आणि तीही वेष पालटून दिली जात होती. विधान आणि विधान करणारा यांच्यातील ही विसंगती ग्रॅनाइटने दूर केली. १८४२ ची पुनर्रचना म्हणजे त्या विधानाला आलेली सत्यता होय. रूप न बदलता अर्थ बदलू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मात्र या पुनर्रचनेत एक संधी हुकली, हेही नमूद केले पाहिजे. जड, उतरत्या कडांचे हे द्वार मृत्यूच्या भारदस्तपणाविषयी बोलते. आत पसरलेल्या उद्यानाविषयी मौन पाळते. एकोणिसाव्या शतकापासून येथे शोकाकुल आप्तांप्रमाणेच फिरावयास येणारेही येत आले; आज पक्षिनिरीक्षकही येतात. द्वार मात्र संबोधते पहिल्यांनाच. बिगेलो स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ असता हे घडावे, हे विशेष.

ऐतिहासिक दफनभूमीच्या प्रवेशद्वाराची नव्याने आखणी करणारे सामान्यतः जुन्या रूपाशी इमान राखण्याचा प्रश्न प्रथम विचारतात. माउंट ऑबर्नचा अनुभव पाहता त्याआधी दोन प्रश्न विचारावयास हवेत : हे द्वार काय म्हणते, आणि कोणाला ? पहिल्याचे उत्तर १८४२ मध्ये निःसंदिग्धपणे मिळाले. दुसऱ्याचे अर्धेच मिळाले.