नीरव शोक

मालिकेचा एखादा भाग पूर्वीच्या भागांहून सरस ठरला, कीं त्यांत अधिक कांहीं तरी घडलें असावें, असें आपण सहज धरून चालतों. दूरचित्रवाणीवरील ‘बफी द व्हँपायर स्लेयर’ (१९९७-२००३) ह्या अमेरिकन मालिकेचा, २७ फेब्रुवारी २००१ रोजीं दाखविलेला ‘द बॉडी’ हा भाग ज्यानें पाहिला, त्याला ही समजूत सोडावी लागेल. जॉस व्हीडन यांनीं लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या ह्या भागांत घडत असें फारसें कांहींच नाहीं. एक बाई मरून पडली आहे, एवढेंच.

बफी ही रक्तपिपासू पिशाच्चांचा संहार करणारी तरुणी. पिशाच्च यावें, झुंज व्हावी आणि वाद्यांनीं तिला साथ द्यावी, हा चार वर्षांचा परिपाठ. येथें मात्र तिच्या आईला कोणीं मारलेलें नाहीं. मेंदूंतील गांठ काढून ती बरी झाली होती. आणि एके दिवशीं मुलगी घरीं येते तों ती कोचावर निश्चेष्ट! श्वास चालू करण्यासाठीं बफी तिची छाती दाबते, तर आईची बरगडी मोडते. ज्या बाहुबळावर सारी मालिका चालली, त्याचा ह्या घरांत एवढाच उपयोग.

कथाभागांत पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. मरणाच्या प्रसंगींही पद ऐकण्याची संवय असलेल्या आम्हां संगीत नाटकांच्या रसिकांना ही शांतता प्रथम बोचते. पण संगीत हें प्रेक्षकाचा हात धरून त्याला दुःखाच्या पलीकडे नेतें. येथें तो आधारच काढून घेतला आहे. बफी दार उघडते, तों बाहेर मुलें खेळत असल्याचा आवाज येतो. तिला गालिच्यावर ओकारी होते, तीवर ती कागद पसरते. असलीं क्षुल्लक कामें माणूस शोकांत खरोखरच करीत असतो.

याहून मोलाची गोष्ट अन्याची. हजारांहून अधिक वर्षें राक्षसयोनींत काढून माणूस झालेली ही मुलगी रीतभात न कळून भलतेंच बोलते, आणि मागच्या भागांत आपण तिला हंसत आलेलों असतों. त्याच अज्ञानानें ती येथें विचारते, कीं ही बाई परत आपल्या देहांत कां शिरत नाहीं? आतां हंसूं येत नाहीं. मागच्या भागांनीं जमविलेल्या पुंजीवरच हा भाग उभा आहे. तो एकटाच पाहणाऱ्याला त्याचें निम्मेंही मोल कळणार नाहीं.

शेवटीं शवागारांत एक पिशाच्च येतेंच. लेखकाचा धीर येथें क्षणभर सुटला असावा, असें मला वाटतें. मालिकेचे भक्त यावर रागावतील, तर रागावोत. परंतु त्या झटापटींत आईच्या मुखावरील चादर सरकते. धाकटी बहीण डॉन पाहत राहते, हात पुढें करते. आणि बोटांचा गालाला स्पर्श होण्यापूर्वींच भाग संपतो.