सूचना आहेत, कारणे कुठे आहेत?

वर्ध्याला २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली आणि तीतून नयी तालीम आकाराला आली. हस्तोद्योग यांत्रिकपणे शिकवू नये, प्रत्येक क्रियेमागचे ‘का’ मुलाला कळले पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. चरख्याला लावलेली ही कसोटी मायक्रोवेव्ह ओव्हनबरोबर मिळणाऱ्या सूचनापुस्तिकेला लावून पाहू या.

पुस्तिकेतील सूचना बहुधा बरोबरच असतात. उणीव कारणांची आहे. ‘कवचासह अंडे ठेवू नका’ एवढेच वाचणारा माणूस झाकण घट्ट लावलेला डबा किंवा सोललेले उकडलेले अंडे निर्धास्तपणे आत ठेवील. ‘कोंडलेली वाफ स्फोट घडवते’ या एका वाक्याने तिन्ही धोके टळले असते.

‘धातूचे भांडे वापरू नका’ या सूचनेवर चौकस विद्यार्थी विचारील, की ओव्हनच्या भिंती धातूच्याच आहेत, त्यांचे काय? उत्तर सोपे आहे. धातूवरून सूक्ष्मलहरी परावर्तित होतात. म्हणूनच भिंती त्यांना आत राखतात आणि म्हणूनच स्टीलच्या डब्यातला भात नीट गरम होत नाही. टोकदार कडा, फॉइल, कपाची सोनेरी किनार येथे ठिणग्या उडतात. दाराच्या जाळीची छिद्रे मिलिमीटरभराची, तर २४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. त्यामुळे प्रकाश बाहेर येतो, लहरी अडतात. दार वाकले किंवा नीट बसत नसेल, तर ओव्हन का वापरू नये, हेही येथेच उमगते.

दुसरा दोष तारतम्याचा. ‘रेडिएशन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. पण या लहरी अन्नाला किरणोत्सर्गी करत नाहीत. गुळगुळीत कपातले पाणी मात्र बुडबुडे न येता १०० अंशांच्या वर तापू शकते आणि चमचा घालताच उसळून चेहरा भाजू शकतो. तापवण्यापूर्वी त्यात लाकडी चमचा ठेवावा, नंतर अर्धा मिनिट थांबावे. हा इशारा बारीक अक्षरांत दडलेला असतो. ‘आवरण उघडू नका’ ही सूचना तर हमीपत्राच्या अटीसारखी वाटते. वास्तविक आतला उच्चदाबाचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून ठेवू शकतो. हौशी दुरुस्ती येथे जिवावर बेतते. एवढी गंभीर गोष्ट कारणाशिवाय सांगणे, हा या पुस्तिकांचा सर्वांत मोठा दोष होय.

शिक्षकांनी अशी एखादी पुस्तिका वर्गात आणावी आणि प्रत्येक सूचनेसमोर तिचे कारण मुलांकडून लिहून घ्यावे. कारण समजून पाळलेला नियम पुस्तिका हरवल्यानंतरही टिकतो.